विसाव्या भागातला मौनी

बंगळूरला बनशंकरीतल्या स्मिताच्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर सात फोटो होते. सगळे एकाच मापाचे, काळ्या चौकटीतले आणि प्रत्येकावर सही. पाहुण्यांना लांबून ती घरातली माणसं वाटायची. जवळ गेल्यावर रुपेरी पोशाख आणि छातीवरचे दिवे दिसले की ते गोंधळायचे. कुणी विचारलंच, तर तिचा नवरा शंतनु सांगायचा, "ही माझी सासुरवाडी."

ते सातही जण 'शून्य चौकी' नावाच्या हिंदी मालिकेतले नट होते. १९९३ साली रविवारी सकाळी ती लागायची. सूर्यमालेच्या टोकाशी एक चौकी, तिथे नेमणुकीवर आलेली सात माणसं, आणि चौकीच्या दारात उभा असलेला आठवा. तो माणूस नव्हता. निळसर राखी कातडी, पापण्या नसलेले डोळे, तोंडाच्या जागी नुसती सपाट त्वचा, हातात उंच काठी. तो कुठून आला कुणालाच माहीत नव्हतं. तो बोलायचा नाही आणि जागचा हलायचाही नाही, म्हणून चौकीवरचे लोक त्याला मौनी म्हणत. पुण्यात, टीव्हीसमोर चटईवर बसलेली दहा वर्षांची स्मिता त्याला इतकी घाबरायची, की त्याच्या प्रसंगाला ती उशी तोंडावर घ्यायची आणि उशीच्या कडेने बघायची. वीस भाग झाले आणि मालिका अचानक बंद पडली. का, ते कुणी सांगितलं नाही.

नोकरीसाठी बंगळूरला आल्यावर कितीतरी वर्षांनी तिला कळलं, की मालिकेचं चित्रीकरण याच शहराबाहेरच्या एका शेडमध्ये झालं होतं. मग तिने नट शोधायला सुरुवात केली. फोटो आणि परतीचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवायचं, महिनोन्महिने वाट बघायची. चौकीचे कप्तान झालेले बिंदुमाधव आता नव्वदीला आले होते. त्यांचा हात इतका कापायचा की सही पूर्ण व्हायला पाच मिनिटं लागली, पण त्यांनी सही मुलीला करू दिली नाही. सहा वर्षांत सात जण झाले. राहिला मौनी.

श्रेयनामावलीत एवढंच होतं : मौनी – दयानंद. आडनाव नाही.

बिंदुमाधवांनीच तिला बसवनगुडीतल्या भीमाचार्यांचं नाव दिलं होतं. मालिकेचे स्थिरचित्रकार, म्हणजे सेटवरचे फोटो काढणारे. ऐंशीच्या घरातले, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेल्या माध्व ब्राह्मण घरातले, घरी अजून कन्नड मिसळलेलं जुनं मराठी बोलणारे. स्मिताच्या भिंतीवरचे सगळे फोटो त्यांच्याच निगेटिव्हवरून काढलेले होते. त्यांना दयानंदचा ठावठिकाणा माहीत होता.

"चिकपेटला साड्यांच्या होलसेल दुकानात आहे अक्का. उंच माणूस, लगेच ओळखाल," ते म्हणाले आणि मौनीचे फोटो शोधू लागले. चौथ्या भागातला एक त्यांनी तिच्या हातात दिला. दुसरा पाकिटातून अर्धा बाहेर काढला आणि परत आत सरकवला.

"तो कुठला?"

"विसाव्या भागातला. तो नको. हा चांगला आहे."

"आचार्य, दोन्ही द्या ना. शेवटच्या भागातला कुणाकडेच नसेल."

त्यांनी पाकीट एकदा उलटसुलट केलं. मग त्यांनी तो दिला, पण तिच्याकडे न बघता.

चिकपेटच्या त्या अरुंद गल्लीत दयानंद खरंच लगेच ओळखू आला. दुकानातली बाकीची माणसं वरच्या फळीसाठी स्टूल घेत होती. हा साठीचा, पांढऱ्या केसांचा माणूस नुसता हात वर करून गठ्ठे काढत होता. स्मिताने ओळख सांगितली तेव्हा त्याला आधी समजेनाच. मग तो लाजला.

"मौनी? एवढ्या वर्सांनी?" त्याने हात शर्टाला पुसले. तो निपाणीकडचा होता आणि मराठी ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. "कुणी वळखत न्हाई बगा. त्वांडच कुटं दिसलं माझं!"

तिने चौथ्या भागातला फोटो आणि रुपेरी शाईचं पेन पुढे केलं. गिऱ्हाइकांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या गादीवर फोटो ठेवून, एकेक अक्षर जपून काढत त्याने सही केली. मग स्मिताने दुसरा फोटो ठेवला.

दयानंदचा हात पेनासकट थांबला. तो फोटोकडे बघत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही वस्तू तिच्याकडे सरकवल्या.

"ह्यो मी न्हवं."

"मौनीच आहे हा. विसावा भाग."

"मौनी हाय. मी न्हवं." तो उठला. "जावा मॅडम, गिऱ्हाईक आल्यात."

दुकानात कुणीही आलेलं नव्हतं.

सही केलेला फोटो भिंतीवर आठवा म्हणून गेला. विसाव्या भागातलाही तिने चौकट करून आणला आणि त्याच्याशेजारी लावला. तेव्हापासून तिला त्या खोलीत बसवेना. दोन्ही फोटोंत तोच मुखवटा, तीच काठी, तेच दार. पण चौथ्या भागातला मौनी म्हणजे नट होता, हे आता तिला स्पष्ट दिसत होतं. छाती पुढे, हनुवटी वर. विसाव्या भागातला मौनी एका बाजूला किंचित कलला होता. आपण बरोबर उभे आहोत ना, असं कुणालातरी विचारत असल्यासारखा. लॅपटॉप घेऊन ती सोफ्यावर बसली की मानेमागे ते जाणवायचं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करू लागली.

"काय झालंय तुला?" शंतनुने विचारलं. "लहानपणीची भीती परत आली की काय?"

"लहानपणी मी शेवटच्या भागात घाबरले नव्हते," ती म्हणाली. तिला ते आत्ताच, बोलता बोलता आठवलं. "रडले होते. आई म्हणाली, अगं, यात रडण्यासारखं काय आहे?"

शनिवारी दुपारी तिने विसावा भाग लावला. कुण्या शौकिनाने जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली ती प्रत तिने अनेकदा पाहिली होती, पण लॅपटॉपच्या आवाजावर. या वेळी तिने हेडफोन घातले. एका प्रसंगात कप्तान एकटा टेबलापाशी पत्र वाचत बसतो आणि मागे दारात मौनी उभा असतो. संवाद नाही, संगीत नाही. जवळजवळ तीन मिनिटं नुसती शांतता.

ती शांतता नव्हती. कुणीतरी श्वास घेत होतं. बंद जागेतून, रबरातून, आधी सावकाश आणि मग भराभर. कप्तान पत्राची घडी घालतो तेव्हा तो श्वास धाप लागल्यासारखा चालू होता, आणि पडद्यावर मौनी अगदी स्थिर होता.

तिने हेडफोन काढून शंतनुला दिले. त्याने ऐकलं. त्याचा चेष्टेचा चेहरा हळूहळू उतरला. "याला कुणी बसवलं का नाही?" तो म्हणाला.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पुन्हा चिकपेटला गेली. तिला बघून दयानंदने मान वळवली, पण ती दुकानाबाहेर उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत तोच बाहेर आला.

"दयानंद अण्णा, सही नकोय मला. एक ऐकवायचंय. नको वाटलं तर मधेच काढून द्या."

बंद शटरच्या पायरीवर बसून त्याने फोनचे हेडफोन कानाला लावले. गल्लीतून हमाल, हातगाड्या, बायका जात होत्या. तो तीनही मिनिटं हलला नाही. मग त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"आप्पाजी," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. ल्हानपणी एकाच वाकळेत झोपायचो आमी. त्येचा श्वास मला कळतोय."

आणि मग त्याने सांगितलं. त्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्यासाठी गावाकडे मुलगी बघितली होती. दोन दिवस जायचं होतं आणि मालिकेची कंपनी सुट्टी देणार नव्हती. आप्पाजी तेव्हा चोवीस वर्षांचा, बंगळूरला काम शोधायला आलेला, त्याच्याच उंचीचा. मुखवट्यात कोण आहे ते कुणाला कळणार?

"मी म्हटलं, काय करायचं न्हाई रे, निस्तं उभं ऱ्हायचं. पाठीला लोखंडी दांडा असतोय आतनं, कमरेला पट्टा. पडत न्हाई माणूस. पन कायबी झालं तरी बोलू नगंस. मान हलवू नगंस. आवाज ऐकला तर वळखतील आन् माझं काम जाईल." तो थांबला. "मीच सांगितलं व्हतं त्येला."

"मग?"

"जेवायला सोडलं तवा समदी भाईर गेली. मौनी तितंच उभा. एकानं हाक मारली, दया, चल की. न्हाई हलला. मागची चेन उघडली तवा कळलं." तो हातातल्या हेडफोनच्या वायरीला पीळ देत होता. "डॉक्टर म्हनला, उष्माघात. कवा गेला, ते कुनाला ठावं न्हाई. अर्धा तास झाला असंल, तासबी झाला असंल. शूटिंग चालूच व्हतं. अक्का, त्यो तुमचा फोटू. सकाळचा हाय का जेवायच्या आदीचा?"

स्मिताला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला : फोटोतला आप्पाजी जिवंत होता की नाही. हा माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात एकच गोष्ट विचारत आला होता आणि तिने त्याच्यासमोर सहीसाठी तो फोटो ठेवला होता.

"मी विचारून येते," ती म्हणाली.

भीमाचार्य व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. तिने दयानंदचं नाव घेतलं तेव्हाच त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"जिवंत होता," ते म्हणाले. "तुम्ही तेच विचारायला आलात ना? फोटो काढला तेव्हा जिवंत होता अक्का. मला पक्कं माहीत आहे."

"कसं?"

"तो बोलला." आचार्यांनी चष्मा काढला. "मी फोकस बघायला जवळ गेलो होतो. मुखवट्यातून आवाज आला, 'स्वल्प नीरु कोडी.' स्वल्प पाणी द्या. तो आवाज दयानंदचा नव्हता. मला त्याच क्षणी कळलं, की आत दुसरा कुणी आहे. मी म्हटलं, बोलू नको राजा, दोघांचंही काम जाईल, एवढा शॉट होऊ दे. त्याला वाचवतोय असंच वाटलं मला. फोटो काढला आणि रोल बदलायला बाहेर गेलो. बाहेर वारं होतं. मी तिथेच थांबलो."

आतून त्यांच्या सुनेने, शिवलीलाने, कॉफी आणून ठेवली. दोघांपैकी कुणीही कपाला हात लावला नाही.

"कंपनीला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. कंपनी वर्षाच्या आत बंद झाली. दयानंदला रस्त्यात बघितलं की मी पलीकडून जायचो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तुम्ही त्याला सांगणार का?"

"मी विचारून येते म्हटलंय त्यांना."

"सरी, ठीक आहे," आचार्य म्हणाले. "सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

बसवनगुडीहून चिकपेटपर्यंत रिक्षात ती हेच ठरवत होती, की पाण्याचं सांगायचं की नाही. जिवंत होता, एवढं सांगितलं तरी भागलं असतं. पण दयानंद दुकानातून बाहेर आला आणि तिच्या तोंडाकडे अशा नजरेने बघू लागला, की तिला काही गाळून सांगता येईना. तिने सगळं सांगितलं, भीमाचार्यांच्या नावासकट.

दयानंदने मान खाली घातली.

"म्हंजे बोलला त्यो," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी सांगितलं म्हनून तोंड मिटून मेला. एवढ्या वर्सांत आईला सुद्धा सांगितलं न्हाई मी, की त्यो माझ्या जागी गेलता. तिला सांगितलं, कारखान्यात काम करताना छातीत कळ आली." त्याने डोळे पुसले. "तिला सांगाय पायजे."

स्मिताने फोटो त्याला देऊ केला. त्याने घेतला नाही. घरात लावला तर नातवंडं विचारतील, म्हणाला, आणि काय सांगू ते मला अजून सुचत न्हाई. पण अधूनमधून येऊन बघितला तर चालेल का?

तो खरंच आला. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. चहा घ्यायचा, फोटोसमोरच्या खुर्चीवर दहा-पंधरा मिनिटं बसायचा आणि जायचा. शंतनु सुरुवातीला अवघडला, मग त्याच्याशी क्रिकेटचं बोलू लागला. स्मिताचा त्या खोलीतला त्रास मात्र कमी झाला नाही. घरात कुणी नसलं आणि फ्रिजची घरघर थांबली, की तिला उरलेल्या शांततेकडे कान द्यावेसे वाटायचे. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाचातरी माइक उघडा राहिला होता आणि त्यातून श्वास ऐकू येत होता. ती कॉल सोडून उठून गेली. संग्राहकांच्या ग्रुपवर तिच्या आठ सह्यांचं कौतुक झालं. नववा फोटो कुणाचा, असं एकाने विचारलं. तिने ग्रुप म्यूट केला.

डिसेंबरमध्ये दयानंद आईला घेऊन आला. गंगव्वा ब्याऐंशी वर्षांची, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बंगळूरला आलेली. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. लिफ्टमधून बाहेर येताना तिने मुलाचा हात धरला नव्हता, भिंत धरली होती. दयानंदच्या चेहऱ्यावरून स्मिताला कळलं, की त्याने सगळं सांगितलं आहे. बहुधा येतानाच, रिक्षात.

"कुटं हाय?" गंगव्वाने आत येताच विचारलं.

स्मिताने तिला भिंतीपाशी नेलं. म्हातारीने बरा झालेला डोळा चौकटीच्या अगदी जवळ नेला. शेजारच्या, सही असलेल्या मौनीकडे तिने बघितलंही नाही. निळसर रबराचा तो चेहरा, सपाट तोंड, काठीवरचा हात, सगळं तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. स्मिताला वाटलं, ही आता घाबरेल, किंवा हा माझा मुलगा नाही म्हणेल.

"कलतं उभं ऱ्हायची खोड व्हतीच त्येला," गंगव्वा म्हणाली. "डावा पाय आखूड, एवढासाच. बुटात कळायचं न्हाई."

दयानंद दाराशीच उभा होता. "आये," तो म्हणाला.

गंगव्वाने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. ती स्मिताला म्हणाली, "तवापासनं उभाच हाय व्हय ह्यो? अगं बाई, खाली घे की त्येला. पडू दे जरा."

स्मिता सोफ्यावर चढली आणि तिने फोटो खिळ्यावरून काढला. कुठे ठेवायचा ते तिला समजेना. गंगव्वा आधीच आतल्या खोलीकडे निघाली होती, जणू घर तिच्या ओळखीचं होतं. तिने पलंगावरची चादर हाताने सारखी केली. स्मिताने फोटो त्यावर आडवा ठेवला, चेहरा वर करून. म्हातारी त्याच्या उशाशी बसली आणि काचेवर, मुखवट्याच्या कपाळाच्या जागी, तिने तळवा ठेवला.

"आता बोल," ती हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, "आता कुणी रागवत नाही." एवढं कन्नड स्मिताला समजत होतं.

दयानंद दारातच खाली बसला. शंतनु स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिथेच थांबला. गंगव्वा तासभर बसली. मधे एकदा तिने मुलाला हाक मारून शेजारी बसवून घेतलं, पण त्याच्याशी ती काय बोलली ते स्मिताने ऐकलं नाही. ती बाहेर येऊन उभी राहिली होती.

दवाखान्याची वेळ झाली तेव्हा दोघं निघाली. फोटो नेता का, असं स्मिताने पुन्हा विचारलं. गंगव्वा नको म्हणाली. "निजलाय त्यो. हलवू नगंस."

त्या रात्री स्मिता आणि शंतनुने बाहेरच्या खोलीत गादी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोटो मऊ कापडात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात, आडवा ठेवला. तो अजून तिथेच आहे. दयानंद आला की ती खण उघडून देते आणि खोलीबाहेर जाते. विसावा भाग तिने त्यानंतर लावलेला नाही, पण तो श्वास ऐकू येतो. कपाट उघडताना ती अजूनही क्षणभर थांबते, आणि मगच, आवाज न करता, दार ओढते.